टूरिंगला टायर किती रुंद घ्यायचा, आणि चाक २६चं की ७००सी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. तुमच्याकडे ७००×३५ टायरवाली हायब्रिड सायकल आहे, म्हणजे चाक ७००सी आणि टायर ३५ मिलिमीटर रुंद. डिसेंबरात नाशिकहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचंय, मागच्या कॅरिअरला दोन पॅनिअर (बाजूला लटकवायच्या पिशव्या), सामान १६ किलोच्या आसपास, तुमचं वजन ७८. मिसेस पण येणार आहेत, त्यांची उंची ५ फूट, त्यांची सायकल अजून घ्यायचीय. आणि जमलं तर पुढच्या वर्षी हिमाचलातलं स्पिती. एकाने सांगितलं टूरिंगला २६ इंचीच पाहिजे, गावोगावी टायर-ट्यूब मिळते. दुसरा म्हणाला २६ आता संपलं, २९ घ्या. तिसऱ्याने घाबरवलं की रुंद टायर घातलात तर घाटात दमून जाल. आणि आता तुम्ही विचारताय की आहे ती सायकल विकून २६ची घेऊ का.

नका विकू. निदान या कारणासाठी तरी नका.

मी नाशिकला सायकली जुळवून, दुरुस्त करून देतो, त्यात टूरवाल्यांच्याच जास्त, आणि स्वतःही सामान लादून फिरतो. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक तुमच्यासारखंच आधी चाकाचा साइझ विचारतात आणि मग रुंदी. माझ्या मते हे उलटं करायला पाहिजे. किती वजन वाहणार आणि रस्त्यातला सगळ्यात खराब तुकडा कसा आहे यावर टायरची रुंदी ठरते, ती रुंदी तुमच्या फ्रेममध्ये बसते का ते मोजायचं, आणि चाक कुठलं हा प्रश्न त्यानंतर येतो, तोही बऱ्याच वेळा आपोआप सुटलेला असतो. याला अपवाद एकच, माणसाची उंची कमी असेल तर. तो तुमच्या घरात आहेच, त्यावर शेवटी येतो.

आधी वजन बघू. तुम्ही ७८, सायकल साधारण १४, सामान १६, म्हणजे १०८ किलो. पाणी-खाणं वेगळं. सगळं सामान मागे लावलं की यातलं ६०-६५ टक्के वजन मागच्या चाकावर येतं, म्हणजे एकट्या मागच्या टायरवर ६५-७० किलो. आता टायरमध्ये हवा किती असावी याचा एक जुना ठोकताळा आहे, तुम्ही बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या साधारण १५ टक्के दबला पाहिजे. त्या हिशोबाने ३५च्या टायरला मागे ७५ पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास भरावी लागते, ४०ला ६०, आणि ४७ला ४५ पुरते. वजन तेच, माणूस तोच, फक्त टायर १२ मिलिमीटर रुंद झाला तर हवा पाऊण पटीपेक्षाही खाली आली. रुंदीचा खरा फायदा हा आहे, बाकी सगळं याच्यातूनच येतं. ७५ पीएसआयवर कोकणातल्या जांभ्याच्या खडीवरून जायला लागलात की बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं, मनगटं आणि बूड दोन्ही दुपारपर्यंत बोलायला लागतात, पॅनिअरचे हुक खडखडतात, कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात. हवा कमी करावी तर ३५च्या टायरला खड्ड्याची कड लागली की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ३५ला इकडे आड तिकडे विहीर आहे, निदान तुमच्या वजनाला. तेच ५५ किलोचा माणूस ८ किलो सामान घेऊन हायवेने जाणार असेल तर त्याला ३५ मस्त चालतो, मी उगाच त्याला ४७ घालायला सांगणार नाही.

रुंद टायर जड चालतो हे मात्र डोक्यातून काढून टाका. एकाच बनावटीचे दोन टायर, एक बारीक एक रुंद, सारख्या हवेवर चालवले तर रुंद टायर उलट थोडा हलका चालतो, कारण जमिनीला टेकणारा भाग लांबट न राहता आखूड आणि रुंद होतो आणि टायर कमी वाकतो. प्रत्यक्षात रुंद टायरमध्ये आपण हवा कमी ठेवतो त्यामुळे गुळगुळीत डांबरावर तो फायदा फिटतो, आणि खराब रस्त्यावर रुंद टायर सरळसरळ पुढे राहतो कारण प्रत्येक दगडावर तुम्ही आणि तुमचं सामान उचललं जात नाही. वाऱ्याचा विचार १५-१८च्या स्पीडला, दोन पॅनिअर लटकवून, करायचाच नाही. टायर जड की हलका चालतो हे रुंदीपेक्षा त्याच्या कापडावर आणि रबरावर जास्त ठरतं. श्वाल्बे मॅरेथॉन प्लससारखा टायर पंक्चरला फार चिवट, पण ४०च्या साइझमध्ये एका टायरचं वजन जवळपास किलोभर, आणि साइडवॉल कडक, तो जड चालणारच, त्याचं पाप रुंदीच्या माथी कशाला. एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, गोट्यांचा टायर डांबरावर घुंऽऽ आवाज करत जड चालतो तेही गोट्यांमुळे.

नाशिकमध्ये हा बारीक टायरचा आग्रह जरा जास्तच आहे असं माझं निरीक्षण आहे. महाजन बंधूंनी, म्हणजे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, २०१५ला दोघांच्या टीमने रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, समुद्रापासून समुद्रापर्यंत ४८०० किलोमीटरच्या आसपास, आणि त्यानंतर गावात रोडबाइकचं वारं आलं. चांगलंच झालं ते. पण त्या रेसमध्ये मागे सपोर्टची गाडी असते, सायकलवर बाटलीशिवाय काही नसतं. त्र्यंबकला सकाळी जाऊन नाष्ट्याला परत येणाऱ्याचा सल्ला आणि पॅनिअर लावून दहा दिवस जाणाऱ्याची गरज यात फरक आहे, एवढंच.

आता तुमचा रस्ता. कसारा घाट उतरून शहापूर, मुरबाड, कर्जत, पाली, म्हसळा करत श्रीवर्धनला समुद्र गाठणार असं धरतो. तिथून हरिहरेश्वर, बागमांडल्याची जेटी, पलीकडे वेसवी, मग केळशी-आंजर्ले, दाभोळची फेरी, गुहागर, तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला. एकूण सात-आठशे किलोमीटर धरा. घाटमाथ्यावरचे आणि हायवेचे रस्ते काही प्रश्नच नाही. किनाऱ्याचा रस्ता मात्र सपाट आहे असं समजून लोक येतात आणि फसतात, कारण प्रत्येक खाडीपाशी उतरायचं आणि लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढायचं, छोटे छोटे पण उभे चढ, दिवसातून पाच-सहा. उतारावर वळणाला बारीक जांभी खडी पसरलेली असते, आणि पावसाने उखडलेले तुकडे डिसेंबरपर्यंत दुरुस्त झालेले असतीलच असं नाही. अशा उतारावर भरलेल्या सायकलने ब्रेक लावताना टायर जितका जमीन धरेल तितकं बरं. चढायला काय, हळू चढता येतं, पण उतारावर पुढचं चाक सरकलं तर विषय संपला.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर ३८ ते ४०, मध्ये साधी उभी रेघ आणि कडेला हलकी नक्षी असलेला टायर. मागे ६०, पुढे ४०पर्यंत हवा. टायरच्या बाजूवर जो मॅक्सिमम आकडा लिहिलेला असतो तो भरायचा आकडा नव्हे, ती त्याच्यावर जायची नाही अशी हद्द आहे, पण पंपावरचा पोरगा आणि आपले काका दोघंही तेवढीच भरतात. एक दिवस सामानासकट चालवून पाच पीएसआय इकडेतिकडे करून बघा, माझा आकडा ही फक्त सुरुवात आहे.

४० बसेल का ते मात्र सायकलवर मोजावं लागेल. मागचं चाक लावलेलं असताना चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या दोन नळ्या) आतल्या बाजूने, टायर जिथे सगळ्यात रुंद येतो तिथे, दोन्हीकडे किती जागा आहे ते बघा. ४० घातल्यावर प्रत्येक बाजूला निदान ५ मिलिमीटर उरली पाहिजे. स्पोक एखादा तुटला की चाक लगेच हलायला लागतं आणि जागा नसेल तर टायर फ्रेमला घासून रंग काय, धातूही खरवडतो. मडगार्ड लावणार असाल तर आणखी जागा लागेल, आणि निफाड-येवल्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात फिरायचं असेल तर मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ती माती अशी गच्च बसते की चाक फिरायचंच थांबतं, मग काडीने उकरत बसा. तुम्ही डिसेंबरात जाताय तर ती भानगड नाही. आणि छापलेल्या रुंदीवर जाऊ नका, काही कंपन्यांचा ४० मोजला की ३७ भरतो, शिवाय रिम रुंद असली की तोच टायर फुगून बसतो. रिमची आतली रुंदी १७ ते १९ मिलिमीटर असेल, जी हायब्रिडला बहुतेक असतेच, तर ४० निवांत बसतो.

आता चाकाचा साइझ. इंचाचे आकडे जरा बाजूला ठेवा कारण ते खोटं बोलतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६२२ असं काहीतरी उमटवलेलं असतं, त्यातला पहिला आकडा रुंदी आणि दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७००सी आणि २९ दोन्ही ६२२च आहेत. २७.५ म्हणजे ५८४, हेच ६५०बी. एमटीबीचं २६ म्हणजे ५५९. दुकानात हा दुसरा आकडाच बघून घ्यायचा, कारण गंमत अशी की २८×१.५० लिहिलेला टायर ६२२चा असतो आणि आपल्या जुन्या काळ्या दूधवाल्या सायकलीचा २८×१½ असतो ६३५चा. गणिताने दीड म्हणजे दीडच, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. २६मध्येही तोच घोळ, २६×१.५ हा ५५९ आणि २६×१½ हा ५८४. एखाद्या गावात दुकानदार “अठ्ठावीस आहे ना, बसंल की” म्हणत टायर काढून देईल, चांगल्या मनाने देईल, पण तुम्ही तेरा मिलिमीटर मोठा टायर घेऊन रस्त्यावर उभे राहाल. मोबाईलमध्ये रिमवरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा.

“२६ गावोगावी मिळतं” यात तथ्य आहे, पण अर्धं. तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानात २६×१.९५ बहुतेक मिळतो, पोरांच्या रेंजर टाइप सायकलींमुळे. तो गोट्यांचा, जड, साधा टायर असतो, वेळेला गोव्यापर्यंत नेतो. ७००सीचा ४०वाला टायर मात्र शहरातच मिळणार. पण विचार करा, नवा चांगला टायर सात-आठशे किलोमीटरमध्ये झिजून संपत नाही. तो मरतो तो काचेने किंवा धारदार दगडाने साइडवॉल फाटली तर. त्याला उपाय म्हणजे जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा, कडा घासून पातळ केलेला, सोबत ठेवायचा आणि फाटलेल्या जागी आतून लावायचा. दोघं जाताय तर एक घडीचा टायरही पॅनिअरच्या तळाशी मावतो. आणि अगदीच अडलं तर रत्नागिरीत चौकशी करायची, नाहीतर नाशिकहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल, एका रात्रीत येतं. म्हणजे २६ घ्यायचं हे कारण आफ्रिकेत किंवा मध्य आशियात महिनोन्‌महिने जाणाऱ्याला खरं होतं, कोकणात जाणाऱ्याला त्यासाठी सायकल बदलायची गरज नाही.

ट्यूबचं तर आणखी सोपं. ट्यूब रबरच आहे, ताणते. २७.५ची ट्यूब ७००×४०मध्ये चालून जाते, वेळप्रसंगी २६×१.९५चीही ताणून बसवता येते. व्हॉल्व मात्र बघा. पंक्चरवाल्याचा पंप मोटरसायकलच्या जाड व्हॉल्वचा असतो, तुमच्या ट्यूबला बारीक, प्रेस्टा प्रकारचा व्हॉल्व असेल तर छोटा पितळी अडॅप्टर व्हॉल्ववरच कायमचा पिळून ठेवा, पाकिटात ठेवलेला वेळेला सापडत नाही.

पंक्चरबद्दल एकच सांगतो. आपल्याकडे सगळे बाभळीच्या काट्याला घाबरतात, पण मुंबई-आग्रा हायवेच्या कडेने जाताना खरा वैताग असतो ट्रकचे टायर फुटून पडलेल्या बारीक तारांचा. केसाएवढी तार टायरमध्ये घुसते, बाहेरून दिसत नाही, तुम्ही ट्यूब बदलता आणि दहा किलोमीटरवर परत तेच. टायरच्या आतून कापूस किंवा गळ्यातल्या बफचं कापड फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार. नेलकटरने पकडून ओढायची, बोटांनी निघत नाही. शक्यतो रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या अगदी बाहेर, जिथे कचरा साठतो, तिथे चालवूच नका.

२६चे दोन फायदे मात्र खरे आहेत आणि ते लपवत नाही. एक, लहान चाकाचे स्पोक आखूड, त्यामुळे चाक मजबूत. दोन, गिअर आपोआप हलका होतो. ७००×४०चा घेर साधारण २२०५ मिलिमीटर, २६×२.०चा २०७०, म्हणजे सहा टक्के कमी, मागे ३४ दातांची चकती असेल तर ती ३६सारखी वागते. सड्यावर चढताना हे कळतं. पण ७००सीमध्येही कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलून तेवढं मिळवता येतं, आणि मजबुतीचं म्हणाल तर कंपनीतून मशीनवर बांधून आलेलं चाक टूरला निघण्याआधी उघडून, सगळे स्पोक सारखे ताणून, आऊट, म्हणजे चाकाची डुगडुग, काढून घ्या. मागचे उजवीकडचे, गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त ताणावर असतात आणि तुटतात ते बहुतेक तिथेच, हबपाशी वाकलेल्या जागी. नीट ताणलेलं ३६ स्पोकचं, अगदी ३२चंही, ७००सी चाक तुमचं १०८ किलो बिनतक्रार नेईल. माझ्याकडे स्पोक तुटल्याची तक्रार घेऊन येतात त्यात चाक मोठं होतं म्हणून तुटला असं क्वचित, स्पोक ढिले होते म्हणून तुटला असं नेहमी.

आता मिसेसची सायकल. इथे मात्र चाक आधी. ५ फूट उंचीला ७००सी चाकाची छोटी फ्रेम बनवताना कंपनीला कुठेतरी तडजोड करावी लागते, मग वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, हँडल उंच आणि लांब जातं, थांबल्यावर पाय टेकत नाहीत. भरलेली सायकल चढावर हळू चालवताना हँडल जास्त वळतं आणि नेमका तेव्हाच बूट अडकतो. त्यांना २६ किंवा २७.५चं चाक, ४७ ते ५०चा टायर. त्यांचं वजन तुमच्यापेक्षा कमी असेल तर हवा ३५-४०च पुरेल, फार आरामात जातील. दुकानात नुसतं बसून बघू नका, पेडल पुढे आडवं ठेवून हँडल पूर्ण वळवायला सांगा, बूट लागतोय का तिथेच दिसतं. जुनी, पुढे शॉक नसलेली, स्टीलची २६ची एमटीबी चांगल्या अवस्थेत मिळाली तर डोळे झाकून घ्या, गोट्यांचे टायर काढून साधे घाला, याच्यासारखी टूरिंग सायकल त्या पैशात मिळत नाही. नवी घ्यायची तर २७.५, कारण नव्या सायकलींमध्ये २६ कमी होत चाललंय आणि त्याचे चांगले टायरही. दोघांच्या चाकाचा साइझ वेगळा झाला तरी ट्यूब २७.५चीच घ्या, वर सांगितल्याप्रमाणे तुम्हालाही चालते.

स्पितीचं गणित वेगळं आहे, ते या सायकलवर लादू नका. ग्राम्फू ते बातल आणि पुढे कुंझुम, साडेचार हजार मीटरच्या वर, तिथे रस्ता म्हणजे बऱ्याच ठिकाणी सुटे गोटे आणि नाल्यांचं पाणी, तिथे मी ५०च्या खाली सुचवणार नाही. तुमच्या हायब्रिडला डिस्क ब्रेक असतील तर एक मधला मार्ग आहे, २७.५ची दुसरी चाकं बांधून त्यात ४७चा टायर, बाहेरचा व्यास ७००×४०पेक्षा दोनेक सेंटिमीटरच कमी होतो, फ्रेममध्ये रुंदीला जागा असेल तर बसतं. व्ही-ब्रेक, म्हणजे रिमवर दाबणारे ब्रेक, असतील तर हे विसरा, रिम जवळपास दोन सेंटिमीटर खाली जाते आणि ब्रेकचे रबरी गुटके तिथे पोचतच नाहीत. तसं असेल तर स्पितीला २९ची साधी एमटीबी भाड्याने किंवा मित्राची घ्या आणि नवीन खरेदी ती करून आल्यावर ठरवा.

सध्या मागच्या टायरच्या बाजूवरचा आकडा, रिमवर काही लिहिलं असेल तर ते, ब्रेक कुठले, आणि चेनस्टेपाशी दोन्हीकडची जागा मिलिमीटरमध्ये, एवढं मोजून कळवा. ३८ घालायचा की ४० ते त्याच्यावर सांगतो, आणि मिसेसच्या सायकलचं बजेट पण सांगा.